नऊ आणि दोन अंगठे

घरचे ज्योतिषी धुंडिराजशास्त्री यांच्या नऊ या आकड्याला प्रश्न विचारायचा नाही, हे शाल्मलीला लहानपणीच बजावलेलं होतं. त्यांनी तिच्या लग्नाची तारीख अठरा काढली, कारण एक आणि आठ नऊ. नेमका त्याच दिवशी तिचा एमएस्सी गणिताचा शेवटचा पेपर होता. "पेपर काय, पुढच्या वर्षी दे," आजोबा म्हणाले.

"नऊ कधी मोडत नाही," शास्त्रीबुवांनी बैठकीत सुनावलं. "नवाला कशानेही गुणा, उत्तरातल्या आकड्यांची बेरीज शेवटी नऊच. शाल्मली, साताने गुण बघू."

गणितात पहिली येणारी ही विदुषी पाढ्यांत मात्र ठार कच्ची होती. ती ओढणीआड बोटं मोजू लागली.

"अगंबाई, एमएस्सीला पोचली तरी बोटंच!" आत्या ओरडली. सगळे हसले. शाल्मलीलाही हसू फुटलं, आणि बोटांकडे बघता बघताच तिला सुचलं.

"शास्त्रीबुवा, दोन्ही अंगठे मिटा. माणसाला आठच बोटं असती, तर आपण दहाऐवजी आठाचे गठ्ठे केले असते. मग साताच्या पाढ्यातले चौदा म्हणजे एक गठ्ठा, सहा सुटे. बेरीज?"

"सात," शास्त्री बेसावधपणे म्हणाले.

"एकवीस म्हणजे दोन गठ्ठे, पाच सुटे."

"सातच की..."

"म्हणजे अंगठे मिटले की नवाची सगळी पुण्याई साताकडे जाते! दोन अंगठ्यांवर टेकलेल्या आकड्यासाठी मी पेपर बुडवणार नाही. अठराला मी परीक्षेला बसणार. लग्न दुसऱ्या कुठल्याही दिवशी लावा."

आत्याने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी शास्त्रीबुवांकडे. ते अजून अंगठे मिटूनच बसले होते.