नकाराचा अधिकार

तालुक्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध ग्रंथपाल होते. वृंदा नावाची तरुणी त्यांच्या हाताखाली ग्रंथालयाचे काम शिकत होती.

नागेशराव नावाचे निवृत्त मोजणीदार तेथे रोज येत असत. पुढे त्यांची दृष्टी गेली आणि येणे थांबले. पत्नी आधीच निवर्तली होती. दिवसभर ते ओटीवर एकटे बसून राहत, रस्त्यावरची पावले ऐकत.

वृंदाला त्यांची दया आली. दर गुरुवारी ती ध्वनिमुद्रित पुस्तक आणि ते ऐकण्याचे छोटे यंत्र त्यांच्या घरी पोचवू लागली. कधी संतचरित्र, कधी उपनिषदांचे निरूपण.

“आवडलं का?”

“चांगलं होतं,” एवढेच ते म्हणत.

एके दिवशी यंत्र तपासताना तिला दिसले की, एकही पुस्तक पाच मिनिटांपलीकडे ऐकलेले नव्हते. खिन्न होऊन तिने ते ग्रंथपालांना सांगितले.

ग्रंथपाल स्वतः गेले आणि नागेशरावांना हाताला धरून ग्रंथालयात घेऊन आले. ध्वनिमुद्रित पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहून ते एकेका पुस्तकाचे नाव वाचू लागले.

“हे नको.”

“बरं. पुढचं?”

“फार पाल्हाळ आहे त्यात.”

असा तास गेला. नागेशराव काहीही न घेता काठी टेकत परतले. ग्रंथपाल मात्र प्रसन्न दिसत होते.

वृंदा म्हणाली, “सर, एवढा वेळ गेला, आणि त्यांनी एकही पुस्तक नेलं नाही.”

ग्रंथपाल म्हणाले, “तू देत होतीस ते त्यांनी मुकाट्याने घेतलं, कारण दान नाकारता येत नाही. आज त्यांनी चाळीस पुस्तकं नाकारली. वाचक असाच असतो, बाई. त्यांचे डोळे गेले, आवड गेली नव्हती. ती आपण न विचारताच काढून घेतली.”



पुढच्या गुरुवारी ती रिकाम्या हातांनी गेली. नागेशरावांनी सवयीने ओंजळ पुढे केली.

“आज काही आणलं नाही, काका. तुम्हाला काय वाचायचंय?”

त्यांची ओंजळ हळूहळू मांडीवर उतरली.

“बसा,” ते म्हणाले. “आठवावं लागेल. पुष्कळ दिवसांत कुणी विचारलं नाही.”