येसूच्या आईची तिरडी

घोंगडे महाराजांचा मुक्काम नांदरखेडला मारुतीच्या पारावर होता, तेव्हाची ही हकिगत आहे, भाविकहो.

गावात येसू बुरूड राहत असे. कुणाच्याही घरी माणूस गेलं की तिरडीचे बांबू येसूच्या दारातून जात. पटकीच्या साथीत धर्मशाळेत एक वाटसरू मेला. त्याची जात ठाऊक नाही म्हणून कुणी हात लावीना. येसूने त्याला एकट्याने खांद्यावर नेऊन अग्नी दिला. एवढाच काय तो अपराध! गणोजी पाटलाने त्याला वाळीत टाकलं. रामराम बंद, बोलणं बंद. बांबू मात्र नेत, तेही कुंपणावरून, तोंड फिरवून. पुढे येसूनेही मान वर करायचं सोडलं, तर तेच लोक म्हणू लागले, "येसू माणूसघाणा आहे." काय म्हणावं या जिभांना! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

त्याची म्हातारी तेवढी म्हणे, "मन कडू करू नको, बाळा. वेळेला गाव येतं."

एके सकाळी म्हातारी गेली. येसूने तिरडी बांधली आणि वाट पाहिली. ऊन कललं तरी कुणी फिरकलं नाही. अखेर त्याने दोर उचलला. आईला पाठीवर बांधून न्यायचं आणि मसणातून परस्पर गाव सोडायचं, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात महाराज दारात आले. त्यांनी दोर काढून घेतला. "येसू, आई आहे ती. मोळी नव्हे."

समोरच्या चावडीवर पाटील चार माणसं घेऊन बसला होता. महाराज म्हणाले, "गणोजी, दोन खांदे हवेत."

"त्यालाच माणसं नकोत, महाराज," पाटील हसला. "इतक्या वर्षांत त्याने कुणाला रामराम केलाय का, विचारा."

"तू केलास?"

महाराजांनी तिरडीचं पुढचं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं येसूने.

"आणि मागे कोण? भुतं?" पाटलाने विचारलं.

येसूने डोळे मिटून पाऊल टाकलं. मागची टोकं आता भुईवर घासणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पण तिरडी उचलली गेली! मागे चिटपाखरू नव्हतं आणि म्हातारी सरळ, न हिंदकळता, भर गावातून निघाली. दारादारांतून माणसं नुसती बघत राहिली.

पाटलाचं हसू मावळलं. तो अनवाणी धावला आणि मागच्या एका टोकाला त्याने खांदा दिला. त्याबरोबर सगळा भार त्याच्यावर आला. त्याचे गुडघे वाकले.

महाराज मागे न वळता म्हणाले, "जड लागतंय? माणूस आला, म्हणून देव बाजूला झाला. इतका वेळ तुझ्या जागी तोच राबत होता."

चौथ्या टोकाला पाटलाचा भाऊ आला. मग सारं गाव मागोमाग निघालं.

चिता पेटल्यावर पाटील महाराजांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि येसूकडे बोट दाखवलं. पाटलाने भरल्या डोळ्यांनी येसूपुढे डोकं टेकलं.

येसू आगीकडे पाहत म्हणाला, "आई म्हणायची, वेळेला गाव येतं. वेळेला तुम्ही नाही आलात, पाटील. देवाला यावं लागलं."

पाटलाने डोकं वर उचललं नाही. येसूनेच त्याला हात धरून उठवलं.