चिंच, फिल्म आणि काळी पट्टी

फोटो काढायला ट्रंकेएवढा कॅमेरा लागायचा, तेव्हाची गोष्ट.

फोटोग्राफी नुकतीच शिकू लागलेल्या ऊर्मिलेने गावच्या चिंचेच्या झाडासमोर तसा कॅमेरा मांडला. चिंच उद्या तोडणार होते आणि फिल्म एकच उरली होती. भिंग उघडून, काळ्या कापडाखाली डोकं घालून तिने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटी दिसणारी चिंच जुळवली, मग मागे फिल्म बसवली. फिल्मवर उजेड अडवणारी काळी पट्टी होती. ती ओढली की फिल्म मोकळी.

"सोड ना गं! उजेड चाललाय," फिल्म कळवळली.

"आधी भिंग मिटू दे. नाहीतर काळी ठिक्कर पडशील," पट्टी म्हणाली.

"तुला माझं भलं बघवतच नाही!"

ऊर्मिला पट्टी ओढू लागली. पट्टी अंग चोरून अडून बसली. "आता हिला काय झालं?" म्हणत ऊर्मिला बघायला पुढे आली, तर भिंग सताड उघडं!

"अगं बाई!" तिने झटकन भिंग मिटलं. मग पट्टी अलगद सुटली, आणि ऊर्मिलेने भिंग क्षणभरच उघडून फोटो टिपला.

दुसऱ्या दिवशी चिंच पडली. भिंतीवरच्या फोटोत मात्र ती पानापानानिशी उभी राहिली. खाली कॅमेऱ्याच्या पेटीत पट्टी नव्या फिल्मला घट्ट धरून बसली होती, आणि ती फिल्म ओरडत होती, "सोड ना गं!"