कोऱ्या तावांचं फडताळ

फार फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या गावाला जायला दोन दिवस लागत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका गावात बाशिंगं करणाऱ्यांचं एकच घर होतं. घरात माणसं तीन: म्हातारे सासरे, त्यांची विधवा सून आणि सात वर्षांची नात. सासरे रंगीत कागदाच्या घड्या घालून अशी नाजूक जाळी कातरत, की पाच गावांतली लग्नं त्यांच्या बाशिंगांवाचून लागत नसत. लग्न झालं की बाशिंग नदीत सोडायची रीत होती. त्यामुळे नमुना म्हणून एकही मागे राहत नसे. जाळी होती ती फक्त म्हाताऱ्याच्या बोटांत. मुलगा ती शिकला होता, पण तो साथीत गेला. सून खळ लावी, मणी ओवी; कातर घेतली की मात्र तिचा हात कापे. नातीला शिकायची फार हौस.

कागद वर्षातून एकदाच येई, आणि लग्नं लागत ती वैशाखातच. एका पावसाळ्यात उंदरांनी एक गठ्ठा कुरतडला. सुनेला वाटलं, चूक आपलीच. तिला बहुतेक गोष्टींत असंच वाटे. दूध उतू गेलं तरी, आणि शेजारणीची गाय आटली तरी. नवे कागद आले तसे तिने ते कापडात बांधून आढ्याला टांगले. आधी लाकडाचं फडताळ करायचं, मगच गाठोडं सोडायचं, असं ठरवलं.

सुतार म्हणाला, "वहिनी, मी देतो की करून." पण दुसऱ्याच्या कामात फट राहिली तर? तिने फळ्या आणल्या आणि स्वतःच करवत धरली.

पहिलं फडताळ डुगडुगलं. तिने मोडलं. दुसऱ्याचे खण तावापेक्षा बोटभर अरुंद निघाले, कारण ताव तिने सासऱ्यांच्या वितीनं मोजून घेतला होता आणि फळ्या स्वतःच्या. तेही मोडलं. तिसऱ्याच्या फळ्या खरखरीत. कागदाला चरे पडतील म्हणून ती दिवस दिवस त्या वाळूनं घासत बसली.

"आई, एकच ताव दे ना. आजोबा घडी शिकवणार आहेत."

"फडताळ होऊ दे, बाळा. मग हवे तेवढे घे."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालीस."

म्हातारा हसला. "सूनबाई, कागदाला राजवाडा बांधतेस की काय? माझा बसायचा पाटसुद्धा खणाला लावलास!"

"मामंजी, तोवर रद्दीवर शिकवा ना हिला."

"रद्दी घडी धरत नाही गं. चांगला ताव नासल्याशिवाय जाळी बोटांत उतरत नाही."

नासल्याशिवाय! तिने गाठोड्याला आणखी एक गाठ मारली.

माघातल्या एका सकाळी म्हाताऱ्याने हाक मारली. "सूनबाई, आज हात स्थिर आहे. हल्ली रोज नसतो. एक ताव काढ."

तिने आभाळाकडे पाहिलं. मळभ होतं. "कागद सर्द होईल, मामंजी. आणि एकच कड घासायची राहिलीय. दोन-चार दिवसांत नक्की."

म्हातारा नातीची बोटं हातात घेऊन नुसत्या हवेत घड्या घालत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याचं उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. सुनेने धावत गाठोडं सोडलं, सगळ्यांत चांगला ताव त्याच्या पुढ्यात ठेवला. डाव्या हातानं त्याने घडी घातली, ती उलगडली. पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. मग ताव बाजूला सारून त्याने भिंतीकडे तोंड केलं. होळीच्या आधी तो गेला.

तोवर फडताळ पुरं झालं होतं.

वैशाखात एक वधूपिता बाशिंगं न्यायला आला. नातीने आठवून आठवून घडी घातली, कातर चालवली, ताव उलगडला. मधोमध एक भलंमोठं भोक. दुसऱ्या तावाचे दोन तुकडे झाले. आईने तिसरा पुढे केला, चौथा केला. आता तिला एकाही तावाची फिकीर नव्हती. पण घडी कुठे चुकते, हे सांगणारं कुणी नव्हतं.

पाहुणा बराच वेळ थांबला, मग उठला. "राहू द्या, बाई. यंदा फुलांच्या मुंडावळ्या बांधू."

जाता जाता त्याची नजर फडताळावर गेली. गुळगुळीत फळ्या, रंगारंगाने रचलेले ताव, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही.

"वा! कुठल्या सुताराचं काम हो हे?"

खाली बसून पोर तुकडे वेचत होती.

पुढे त्या पाचही गावांत फुलांच्या मुंडावळ्यांचीच रीत पडली.

तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: जपून ठेवलेला कागद थांबतो, शिकवणारा हात थांबत नाही.