सांडव्याचा नारळ

फार पूर्वी, नदी हाच रस्ता होता तेव्हा, नावांना बारमाही पाणी पुरावं म्हणून एक बंधारा बांधला गेला. त्याच्या कडेला जादा पाणी सोडून देणारा बुटका सांडवा होता. नावाडी दरसाल बंधाऱ्याची पूजा करून नारळ पाण्यात सोडत. सांडव्याला कुणी फूलही वाहत नसे.

"मी साठवतो, तू उधळतोस," बंधारा म्हणे.

"तुमच्यापेक्षा हातभर बुटकं राहणं, एवढीच माझी नोकरी आहे, दादा," सांडवा म्हणे.

एका वर्षी नावांत जास्त माल भरता यावा म्हणून नावाड्यांनी पाणी चढवायला सांडव्यावर फळ्या ठोकल्या. बंधारा खूश झाला. मग पूर आला, पाणी माथ्याला भिडलं आणि त्याचे दगड हलू लागले.

"अरे, वाट दे पाण्याला!"

"माझ्या तोंडाला फळ्या आहेत, दादा. नावाड्यांना हाक मारा, ते तुमचंच ऐकतात."

दगडांची करकर ऐकून नावाड्यांचा म्होरक्या धाकू कुऱ्हाड घेऊन धावला. फळ्या तुटल्या, पाणी सांडलं, बंधारा वाचला.

पुढच्या वर्षी नारळ अर्थातच बंधाऱ्याला मिळाला. तो तरंगत सांडव्यापाशी आला.

"ठेव तुझ्याकडे," बंधारा हळूच म्हणाला.

"नको दादा, अडवून धरायचं काम तुमचं," असं म्हणून सांडव्याने नारळ पुढे जाऊ दिला.