गोजराबाईचा ओटा

एकदा काय झालं, आणि हे झालं त्याला इतकी वर्षं लोटली की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, एका राजाच्या मनात आलं, आपली प्रजा सुखात आहे की नाही हे आपण डोळ्यांनी बघावं.

हेतू चांगला होता हो. पण रीत बसवली कारभाऱ्याने, आणि सगळा घोळ झाला. रीत अशी: चैत्री पौर्णिमेला पेठेतल्या प्रत्येकाने आपल्या घरातलं सुख बाहेर ओट्यावर मांडायचं. राजा अनवाणी चालत येणार, एकेक ओटा बघणार, आणि ज्याची मांडणी सगळ्यांत देखणी, त्याच्या दारावर वर्षभर मानाचा झेंडा फडकणार.

मग काय विचारता! मांडणीच्या दिवशी सगळं कोरं करकरीत दिसावं म्हणून लोकांनी वस्तू वापरायच्याच बंद केल्या. गाद्या गुंडाळून माळ्यावर गेल्या आणि माणसं गोणपाटावर झोपू लागली. पोथ्या रेशमी रुमालात बांधल्या, पानं मळतील म्हणून कुणी उघडेना. गाद्यांना केस चिकटतात म्हणून मांजरं हाकलली. न्हाणीतली पितळी घंगाळं चिंचेने लखलखीत घासून पालथी घातली, आणि घरची माणसं विहिरीवर जाऊन अंगावर दोन तांबे ओतून यायला लागली.

हसताय काय? तुमच्या घरी पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या कपबश्या आहेत ना, त्यांतून तुम्ही स्वतः चहा कधी प्यायलात ते आधी सांगा. बरं, राहू दे.

तर त्या पेठेच्या टोकाला गोजराबाई राहायची. चणे-फुटाणे भाजून विकायची. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. सोबतीला एक कान तुटलेला बोका, त्याचं नाव सुभेदार. दोन खोल्यांचं घर तिने स्वतः माती तुडवून, भिंती लिंपून उभं केलं होतं.

दुपार कलली की ती भट्टी विझवायची. कढत पाण्याने अंघोळ करायची, केसांना माक्याचं तेल लावायची, आणि गोधडीवर ऐसपैस बसून काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळायची. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून पायांची आग व्हायची, ती त्या वाटीने निवायची. मग पोथी. अक्षरं ती चाळिशीत शिकली होती, त्यामुळे ओळीवर बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचायची. सुभेदाराला ऐकावंच लागायचं.

मांडणीला मात्र तिचा ओटा दोन वर्षं रिकामा राहिला. सुख बाहेर नेऊन दाखवायचं असतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

तिसऱ्या वर्षी कारभारी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "गोजराबाई, यंदाही मांडणी नीट झाली नाही तर हे घर पाडायचं. इथे मानाचा झेंडा देण्याच्या सोहळ्यासाठी चौथरा बांधायचाय. सुख नसलेलं घर पेठेत ठेवून आमची शोभा जाते."

तो गेल्यावर गोजराबाई मटकन खाली बसली. घाबरली ती. का नाही घाबरणार? या वयात दुसरं घर कुठून उभं करायचं?

शेजारच्या सराफाची बायको वैजयंता मनाने चांगली होती. दोन्ही वर्षं झेंडा तिच्याच दारावर होता. ती धावत आली नि म्हणाली, "गोजराक्का, रडू नका. आमची चांदीची समई न्या, मखमली लोड न्या. मांडा ओट्यावर. कुणाला कळणारे?"

गोजराबाईने डोळे पुसले. "तुझी माया कळते गं बाई. पण तुझी समई दाखवून घर वाचलं, तर उद्या त्या घरात मी कुठल्या तोंडाने राहू? माझं आहे तेच मांडते. पाडलं तर पाडलं."

पौर्णिमा उजाडली. ऊन मी म्हणत होतं. राजा अनवाणी निघाला. फरश्या तव्यासारख्या तापल्या होत्या. बसावं म्हटलं तर बसायचं कुठे? प्रत्येक ओट्यावर गाद्या होत्या, पण त्यांच्यावर साधी सुरकुती पडली तरी मांडणी बिघडणार!

सराफाच्या ओट्यापाशी राजा थांबला. पाय नुसते पोळत होते. मखमली गादीकडे बघत त्याने सहज विचारलं, "बाई, या गादीवर झोप छान लागत असेल, नाही?"

वैजयंता गांगरली. "काय की महाराज. आम्ही गोणपाटावर झोपतो."

"आणि या पोथीत काय आहे?"

"उघडलेली नाही महाराज. पानं मळतात."

राजाचा चेहरा उतरला. चालत चालत तो शेवटच्या ओट्याशी आला. कारभारी पुढे झाला आणि नाक मुरडून म्हणाला, "हेच ते घर महाराज. बघा काय मांडलंय!"

ओट्यावर एक विटलेली गोधडी होती, तिच्यावर मांजराचे केस. हळदीचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली पोथी होती. तेलकट बुधला होता. आणि काशाची एक वाटी, बुडाशी झिजून इतकी पातळ झालेली की दाबली तर तडकेल. मधोमध सुभेदार पाय ताणून झोपला होता.

"बाई," राजा म्हणाला, "हे सगळं झिजलेलं, डागाळलेलं. यात सुख कुठलं?"

गोजराबाईने मान ताठ केली.

"महाराज, ही वाटी वीस वर्षं रोज माझ्या पायांवर फिरलीय, म्हणून झिजली. पोथी तीनदा वाचून झाली, चौथ्यांदा चाललीय. हा डाग दिसतो ना, तिथे गोष्ट अशी रंगात आली होती की हात धुवायचंसुद्धा सुचलं नाही. गोधडीवर मी झोपते, नि माझ्या आधी हा बोका झोपतो. घर मी राहायला बांधलं महाराज, आणि राहिले! पोटभर राहिले. माझ्याएवढं या घरात कुणी राहून दाखवावं!"

कारभारी ओरडला, "जीभ सांभाळ!"

राजाने हात वर केला. त्याच्या पायांची आग आता सोसवत नव्हती. तो सरळ गोधडीवर बसला.

गोजराबाईने आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "अगं बाई, केवढे भाजलेत! करा पाय पुढे." आणि तिने पाय थंड पाण्याने धुऊन, पुसून, बोटभर तूप लावून वाटी फिरवायला सुरुवात केली. तूप काळं पडत गेलं. राजाचे खांदे सैल झाले. सुभेदार उठला, त्याने आळस दिला, आणि खुशाल राजाच्या मांडीवर जाऊन बसला. राजाने भीतभीतच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माझ्या बागेत अकरा मोर आहेत," तो हळूच म्हणाला. "एकालाही मी कधी हाताने दाणा घातला नाही."

"मग चुकलंच तुमचं," गोजराबाई म्हणाली.

सगळी पेठ बघत होती. राजा मात्र हसला. अगदी मनापासून हसला.

मग तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या घराच्या मातीला कुणी हात लावायचा नाही. आणि ओट्यावरची मांडणी आजपासून बंद."

कारभाऱ्याला घाम फुटला. "बंद? मग महाराज, लोकांनी वर्षभर करायचं काय?"

"राहायचं," राजा म्हणाला.

गोजराबाईला रडू आवरेना. पण ते अभिमानाचं रडू होतं. आपल्या भिंतीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि सगळ्या पेठेने तिला मान लवून नमस्कार केला.

पुढच्या चैत्री पौर्णिमेला राजा सवयीने पेठेत आला. ओटे मोकळे होते. स्वागताला कुणीही बाहेर आलं नाही. दारं लोटलेली होती, आणि आतून कुठे न्हाणीतल्या पाण्याचा आवाज येत होता, कुठे कुणी अडखळत वाचत होतं, कुठे मांजर दुधासाठी ओरडत होतं. सराफाच्या दारावर शिपाई थाप मारणार, तेवढ्यात आतून सराफाचा आवाज आला, "हळू! वैजयंता झोपलीय. मखमली गादीवर."

उन्हं डोक्यावर आली होती. राजाने शिपायाला मागे ओढलं आणि पाय न वाजवता परत फिरला.

लहानथोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: घरातलं सुख जपून ठेवल्याने आपलं होत नाही, रोज वापरल्यानेच होतं.