हसुराम पाटलाच्या लेकीचं लग्न

फार पूर्वी समुद्रकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. थंडी सरत आली की गावच्या वाळूत अंडी घालायला कासवं यायची. गावात रीतच होती, लग्नाच्या पंगतीत कासवाची अंडी वाढायची. जेवढी अंडी जास्त, तेवढा यजमानाचा मान मोठा. माणसं काठ्या खुपसत वाळू धुंडायची आणि टोपल्या भरून घरी न्यायची. काही कासवं जाळ्यात अडकून मरायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

हळूहळू कासवं कमी झाली. एका वर्षी तर एकच मादी आली. नेमकं त्याच वर्षी गावचा पाटील हसुराम याच्या एकुलत्या एका लेकीचं, चांगुणाचं, लग्न ठरलं होतं.

पहाटे हसुराम टोपली घेऊन किनाऱ्यावर गेला. मादी नुकतीच अंडी घालून परत निघाली होती. तिचा एक पाय जाळ्याने अर्धा कापलेला होता. तशा पायाने तिने खड्डा खणला होता, अंडी झाकली होती आणि आता ती धापा टाकत पाण्याकडे सरकत होती. हसुरामने वाळू उकरली, अंडी पाहिली. मग त्याने पाण्याकडे सरकणाऱ्या त्या मादीकडे वळून पाहिलं. शेवटी त्याने वाळू पुन्हा सारखी केली आणि रिकामी टोपली घेऊन घरी आला.

"आता पंगतीत काय वाढायचं?" बायकोने विचारलं.

"मासे वाढू."

"लोक हसतील हो!"

"हसू देत. या किनाऱ्यावरचं शेवटचं घर पाटलाने फोडलं, असं कुणी म्हणायला नको."

लग्न लागलं. खाडीपलीकडून होड्या भरून वऱ्हाड आलं होतं. पंगत बसली आणि नवऱ्या मुलाचा बाप, धाकू नाखवा, पान पाहून कडाडला, "पाटील, अंडी कुठायत? आमची एवढीच किंमत?"

हसुरामने हात जोडले. "व्याही, यंदा एकच घरटं आहे. त्याला मी हात लावणार नाही."

"मग आम्हीही अन्नाला हात लावणार नाही!" नाखवा उठला. त्याच्यामागे सगळं वऱ्हाड उठलं.

हसुराम लेकीकडे वळला. "पोरी, तुझ्या सासरची माणसं उपाशी चालली. तू सांग, काय करू?"

चांगुणाने मान वर केली. "बाबा, कुणाची तरी पोरं पानात वाढून माझा संसार सुरू व्हायला नको."

तेवढ्यात नाखव्याची म्हातारी आई बोलली, "धाकू, माझ्या लग्नात टोपल्यांची रांग होती. तुझ्या लग्नात एकच टोपली मिळाली. या माझ्या नातवाला पोरं झाली की त्यांच्या लग्नात काय वाढशील, वाळू?" आणि ती पानावर बसली. पहिला घास तिनेच घेतला.

मग नाखवाही खाली बसला.

त्या दिवसापासून गाव घरट्याची राखण करू लागलं. बायकांनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं, माणसं आळीपाळीने कोल्ह्या-कुत्र्यांना हाकलत राहिली. ऊन तापू लागलं आणि एका सकाळी वाळू हलली. तळहातात मावतील एवढी पिल्लं बाहेर आली. खाडीच्या दोन्ही काठची गावं किनाऱ्यावर लोटली होती. घारी घिरट्या घालू लागल्या, तसा धाकू नाखवा आपलं डोक्याचं फडकं उंच फिरवत त्यांना पिटाळू लागला. शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत तो थांबला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी वाळूत पुन्हा माद्यांच्या पावलांच्या रांगा उमटू लागल्या. लांबून येणारी गलबतं किनाऱ्याजवळून जाताना त्यांतून कुणी विचारायचं, "हे गाव कुणाचं?" नाखवा आता म्हातारा झाला होता, पण होडीत छाती काढून उभा राहायचा आणि सांगायचा, "हे कासवांचं गाव. माझे व्याही इथले पाटील!"

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: एखाद्या जिवाचा वंश राखण्यासाठी जुनी रीत मोडावी लागली, तर ती ताठ मानेने मोडावी.